क्वेरी शून्य देते, मग डेटा गेला कुठे?

पत्र थोडक्यात: लायब्ररी कॅटलॉगचा लिंक्ड डेटा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छोट्या विधानांचा डेटा, सांभाळणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. चौदा सोर्सकडून डेटा येतो, प्रत्येक सोर्सचा वेगळा नेम्ड ग्राफ, म्हणजे नाव देऊन वेगळा ठेवलेला विधानांचा ढीग, आहे. गेल्या आठवड्यात जुन्या ट्रिपल स्टोअरवरून (ट्रिपल म्हणजे सब्जेक्ट, प्रेडिकेट, ऑब्जेक्ट अशा तीन भागांचं एक विधान, आणि ती साठवणारा डेटाबेस म्हणजे ट्रिपल स्टोअर) सगळं नव्या स्टोअरवर हलवलं, लोड होताना एकही एरर आली नाही, पण दोन वर्षं बिनबोभाट चालणाऱ्या क्वेऱ्या आता शून्य ओळी देतायत. घाईघाईत सगळ्या क्वेऱ्यांना 'ग्राफ ?ग' चं वेष्टण घातलं (?ग हे ग्राफच्या नावाच्या जागचं व्हेरिएबल), तर काही चालायला लागल्या, काहींत निम्म्याच ओळी यायला लागल्या आणि पुस्तकांची एकूण संख्या आधीपेक्षा चक्क वाढली. टीममधले सीनियर म्हणतात, "नेम्ड ग्राफ हीच कटकट आहे, सगळं एका ग्राफमध्ये ओत आणि सोमवारच्या आत विषय संपव, बॅकअपची टर्टल फाइल आहेच." टर्टल म्हणजे ट्रिपल लिहून ठेवायचा एक फाइल फॉरमॅट. वाचक विचारतायत, ओतून टाकू, की जुन्या स्टोअरवर परत जाऊ, की मला स्पार्कल, म्हणजे या डेटाला प्रश्न विचारायची भाषा, येतच नाही हे एकदाचं मान्य करू?

पत्र मी दोनदा वाचलं, आणि आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे पुढचं तुम्ही जरा शांतपणे वाचाल. स्पार्कल तुम्हाला येतं. ज्याला येत नाही तो नुसतं "चालत नाहीये" एवढंच लिहितो, तुम्ही कुठे शून्य येतं, कुठे निम्मं येतं, कुठे जास्त येतं हे वेगवेगळं करून लिहिलंय, अर्धं काम तिथेच झालं. गोची एवढीच की लक्षणं तीन दिसत असूनही आजार मात्र तुम्ही एकच धरलात, की नवीन स्टोअर डेटा खातंय. मला नाही तसं वाटत. डेटा आहे तिथेच असणार, काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार चाललाय, फक्त कळसा कुठल्या काखेत ठेवायचा हे प्रत्येक स्टोअर आपापलं ठरवतं म्हणून हा सगळा गोंधळ.

तुम्ही लिहिलंय "दोन वर्षं बिनबोभाट चालणाऱ्या क्वेऱ्या". चालत होत्या हे खरं, पण त्या बरोबर लिहिलेल्या होत्या म्हणून चालत होत्या की जुनं स्टोअर सांभाळून घेत होतं म्हणून? हे जरा तपासून बघूया, कारण तुमच्या पत्रातलं बाकी सगळं याच एका वाक्यावर उभं आहे.

स्पार्कलची क्वेरी खरं तर आख्ख्या डेटाबेसला विचारलेली नसतेच, ती एका डेटासेटला विचारलेली असते, आणि त्या डेटासेटमध्ये एक बिननावाचा डिफॉल्ट ग्राफ असतो आणि शिवाय शून्य किंवा कितीही नावाचे ग्राफ असतात. ग्राफ हा शब्द न लिहिता जो पॅटर्न लिहाल तो फक्त डिफॉल्ट ग्राफमध्ये शोधला जातो, आणि ग्राफ लिहून कंसात टाकाल तो फक्त नेम्ड ग्राफमध्ये. २००८ च्या पहिल्या स्पार्कलपासून हे असंच आहे आणि २०१३ च्या १.१ मध्येही तसंच राहिलं. पण क्वेरीत फ्रॉम (कुठले ग्राफ धरायचे ते सांगणारी ओळ) वगैरे काहीच लिहिलं नसेल तेव्हा त्या डिफॉल्ट ग्राफमध्ये काय भरलेलं असावं हे मात्र स्टँडर्डने स्टोअरवाल्यांवर सोडलं, आणि मग काय, जितकी स्टोअर्स तितकी मतं. अपाचे जेनामध्ये, म्हणजे त्याचा फुसेकी सर्व्हर वापरता तेव्हा, नेम्ड ग्राफमधला डेटा डिफॉल्ट ग्राफमध्ये दिसत नाही, सेटिंग मुद्दाम बदललं तरच दिसतो. ऑक्सिग्राफचंही तसंच, तिथेही वेगळा फ्लॅग द्यावा लागतो. उलट आरडीएफफोरजे आणि त्यावर उभं असलेलं ग्राफडीबी साध्या क्वेरीला सगळं एकत्र करून दाखवतात, नावाचं आणि बिननावाचं दोन्ही. व्हर्च्युओसो साध्या क्वेरीत सगळ्या ग्राफांत शोधतं. ब्लेझग्राफ क्वॉड मोडमध्ये, म्हणजे ट्रिपलसोबत ग्राफचं नावही साठवत, असेल तर तेही सगळ्यांची मोट बांधून समोर ठेवतं.

आता तुमचं जुनं स्टोअर या दुसऱ्या दिलदार गटातलं होतं आणि नवीन पहिल्या काटेकोर गटातलं आहे एवढं धरलं तरी तुमच्या शून्य ओळींचं कारण सापडतं. तुमच्या क्वेरीत ग्राफ शब्द कधी नव्हताच, कारण गरजच पडली नाही. दोन्ही स्टोअर्स नियमात बसतायत, आणि शून्य ओळी ही एरर नाहीये, "ज्या ढिगात शोधायला सांगितलंत त्यात काही सापडलं नाही" एवढंच ते प्रामाणिकपणे सांगतंय. खरं सांगू का, मला एरर देणारी स्टोअर्स जास्त आवडतात, पण स्पार्कल असंच आहे, अस्तित्वात नसलेल्या ग्राफचं नाव टाकलं तरी बहुतेक वेळा गप्पपणे रिकामं ताट पुढे करतं.

तेव्हा डेटाला हात लावायच्या आधी तीन आकडे काढा, फक्त तीन. एक, ग्राफ शब्द न वापरता सगळे ट्रिपल मोजा, हा झाला डिफॉल्टचा आकडा. दोन, 'ग्राफ ?ग' च्या आत सगळे ट्रिपल मोजा आणि ग्रुप बाय ?ग करा, म्हणजे ग्राफांची नावं आणि प्रत्येकाचा आकडा मिळेल, त्यांची बेरीज करा. तीन, परत 'ग्राफ ?ग' मध्येच पण आतल्या सब-क्वेरीत सब्जेक्ट, प्रेडिकेट, ऑब्जेक्ट हे तिघंच सिलेक्ट डिस्टिंक्ट करून बाहेर मोजा, म्हणजे एकच ट्रिपल चार ग्राफांत असला तरी एकदाच मोजला जाईल. डेटा फार मोठा असेल तर तिसरी क्वेरी वेळ खाते, थोडी कळ काढा.

पहिला आकडा शून्य आणि दुसरा लाखांत असेल तर स्टोअर काटेकोर आहे आणि डेटा सुखरूप आहे, झोपा. पहिला आणि तिसरा सारखे आले तर स्टोअर एकत्र करून दाखवतंय, मग शून्याचं कारण दुसरीकडे शोधायला लागेल. आणि पहिला आकडा शून्य नाही पण अगदी किरकोळ आहे, दोन-तीनशे वगैरे, असं दिसलं तर कुणीतरी कधीतरी ग्राफचं नाव न देता काहीतरी लोड केलंय आणि ते डिफॉल्टमध्ये एकटंच पडून आहे, हे फार वेळा दिसतं आणि फार उशिरा लक्षात येतं. दुसरा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर तेवढी पुनरावृत्ती सोर्सा-सोर्सांत आहे, हे तुमच्या वाढलेल्या पुस्तकांच्या संख्येशी जोडून ठेवा, त्याकडे येते.

दुसऱ्या क्वेरीतून ग्राफांची जी नावं आली ती अक्षर न् अक्षर वाचा. नजर फिरवून चालणार नाही. यूआरआय, म्हणजे ही वेब पत्त्यासारखी नावं, आरडीएफच्या (या डेटाच्या मूळ स्टँडर्डच्या) दृष्टीने नुसती अक्षरांची माळ, शेवटी एक तिरकी रेघ जास्त असली की ग्राफ वेगळा, एचटीटीपीच्या पुढे एक एस लागला की ग्राफ वेगळा. मी स्वतः शेवटच्या त्या तिरक्या रेघेपायी दीड दिवस घालवलाय आणि तोवर स्टोअरच्या नावाने बोटं मोडून झाली होती. यादीत फाइल: ने सुरू होणारी नावं दिसली तर समजा की लोड करताना अर्धवट, म्हणजे रिलेटिव्ह नाव दिलं गेलं आणि स्टोअरने किंवा लोडरने ते स्वतःच्या फोल्डरच्या पत्त्याला जोडून पूर्ण केलं. क्वेरीत तेच अर्धवट नाव लिहिलंत तर ते वेगळ्याच पत्त्याला जोडलं जाईल आणि दोघांची गाठ कधी पडणार नाही.

एक खास आपल्या लोकांसाठी. ग्राफचं नाव देवनागरीत ठेवायची हौस असते काहींना, मलाही होती, आणि त्यात बेकायदा काही नाही. पण एखादं टूल ते नाव टक्क्याच्या चिन्हांच्या कोडमध्ये बदलून पाठवतं, दुसरं जसंच्या तसं पाठवतं, आणि स्टोअरला ती दोन वेगळी नावं वाटतात. वरून 'ऱ' सारखं अक्षर दोन प्रकारे साठवता येतं, एक तर अख्खं एकच अक्षर म्हणून किंवा र आणि खालचा नुक्ता अशी दोन मिळून, स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात आणि जुळत मात्र नाहीत. हौस लेबलमध्ये भागवा, ग्राफच्या नावात नको.

नावं ठीक असतील आणि तरी शून्यच येत असेल तर फ्रॉमकडे बघा, आणि इथे बरेच जाणते लोकसुद्धा आपटतात. क्वेरीत फ्रॉम किंवा फ्रॉम नेम्ड यातलं काहीही एकदा आलं की स्टोअरचा नेहमीचा डेटासेट बाजूला पडतो आणि तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढाच डेटासेट उरतो. फक्त फ्रॉम लिहिलं तर ते ग्राफ एकत्र होऊन डिफॉल्ट बनतात आणि नेम्ड ग्राफ एकही शिल्लक राहत नाही, म्हणजे वर फ्रॉम लिहून खाली कंसात त्याच ग्राफचं नाव घेऊन ग्राफ लिहिलंत तर उत्तर शून्य. फक्त फ्रॉम नेम्ड लिहिलं तर उलटं, डिफॉल्ट रिकामा. दोन्ही पाहिजे असेल तर दोन्ही लिहायचं. आणि हे सगळं नीट लिहूनही कोडमधून चालवल्यावर एक उत्तर आणि स्टोअरच्या वेब पानावरून वेगळं उत्तर येत असेल तर एचटीटीपी रिक्वेस्ट उघडून बघा, कारण प्रोटोकॉलमध्ये डिफॉल्ट ग्राफ आणि नेम्ड ग्राफ सांगायचे वेगळे पॅरामीटर असतात आणि ते आले की क्वेरीतल्या फ्रॉमला कुणी विचारत नाही. काही वेब पानांवर डिफॉल्ट ग्राफची एक चौकट असते, त्यात कुणीतरी आधीच काहीतरी भरून ठेवलेलं असतं, आपण तिच्याकडे बघतही नाही.

एक शक्यता परवानग्यांची. काही स्टोअर्समध्ये ग्राफनिहाय ॲक्सेस लावता येतो, आणि तुमच्या युजरला परवानगी नसेल तर तो ग्राफ नुसता दिसत नाही, तक्रारही येत नाही. ॲडमिनच्या लॉगिनने तेच तीन आकडे परत काढून बघा, वेगळे आले तर उत्तर मिळालं.

बरं, आता निम्म्या ओळी. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण शून्य आलं की माणूस निदान थांबतो तरी, निम्म्या आल्या की "चला चालली" म्हणून पुढे जातो. तुम्ही सगळ्या क्वेरीला एकच 'ग्राफ ?ग' चं वेष्टण घातलंत. त्याचा अर्थ तुम्ही धरलात "कुठल्याही ग्राफमध्ये शोध", पण खरा अर्थ होतो "असा एक ग्राफ शोध ज्यात हे सगळंच्या सगळं एकत्र सापडेल". पुस्तकाचं नाव कॅटलॉगच्या ग्राफमध्ये, लेखकाचं नाव व्यक्तींच्या ग्राफमध्ये, असं असेल तर एका ग्राफमध्ये दोन्ही नाहीत, ती ओळ गळाली. ज्या सोर्सने दोन्ही एकत्र दिलंय तेवढ्याच ओळी उरल्या, म्हणून निम्म्या. यावर उपाय म्हणजे 'ग्राफ' चे दोन वेगळे ब्लॉक लिहायचे, एकाला ?ग१ आणि दुसऱ्याला ?ग२, पण दोन्हीकडे ?ग हेच नाव ठेवाल तर परत तीच गाठ बसेल, व्हेरिएबल एकच म्हणजे ग्राफही एकच असा हट्ट. ऑप्शनल (असलं तर घे, नसलं तर सोड) त्या ब्लॉकच्या आत असेल तर ओळ गळत नाही पण रकाना रिकामा येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं डेटाच अपुरा आहे.

प्रॉपर्टी पाथची, म्हणजे एका दमात अनेक पायऱ्या चालत जायच्या सोयीची, तर आणखी वेगळी गंमत. विषयांची उतरंड चढत जायची असेल, हा विषय त्या विषयाच्या पोटात, तो आणखी कुणाच्या पोटात, आणि पाथला अधिकचं चिन्ह लावून तुम्ही ती चढत असाल तर ग्राफ ब्लॉकमध्ये ती चढण एकाच ग्राफपुरती असते. मधली एक पायरी दुसऱ्या ग्राफमध्ये असली की तिथेच संपलं. आणि पाथच्या प्रत्येक पायरीला वेगळा ग्राफ सांगायची सोय स्पार्कलमध्ये नाही, त्यामुळे इथे ?ग१ ?ग२ वाला जुगाडही कामाचा नाही, सगळे ग्राफ एकत्र करून डिफॉल्ट म्हणून समोर ठेवणं हाच मार्ग, एक तर फ्रॉमने नाहीतर स्टोअरच्या युनियन (सगळे ग्राफ एकत्र दाखवायच्या) सेटिंगने.

सगळ्यात वाईट म्हणजे 'नॉट एक्झिस्ट्स', 'अमुक नसेल तेच दाखव' असा फिल्टर. लेखक नसलेली पुस्तकं काढायची क्वेरी तुमच्याकडे असणारच, कॅटलॉगवाल्या प्रत्येकाकडे असते. ती फिल्टरची ओळ ग्राफच्या कंसाच्या आत आहे का बाहेर यावर उत्तर फिरतं. आत असेल तर "याच ग्राफमध्ये लेखक आहे का" एवढंच तपासलं जातं, आणि लेखक दुसऱ्या ग्राफमध्ये बसलेला असेल तर पुस्तक बिनलेखकाचं ठरतं. बाहेर असेल तर डिफॉल्ट ग्राफमध्ये तपासलं जातं, आणि तो तुमच्याकडे रिकामा असला तर परत सगळीच पुस्तकं बिनलेखकाची. दोन्हीकडे उत्तर येतं, भरपूर येतं, आणि चूक असतं. या रिपोर्टवरून कुणी डेटा दुरुस्त करायला बसण्याआधी ही एक क्वेरी हाताने तपासा, बाकीच्या मागाहून.

आता वाढलेली पुस्तकं. ग्राफ म्हणजे सेट, एका ग्राफमध्ये एक ट्रिपल एकदाच असतो, कितीदाही घाला. पण तेच पुस्तक तीन सोर्सनी पाठवलं तर तोच ट्रिपल तीन ग्राफांत आहे आणि 'ग्राफ ?ग' तीन उत्तरं देणार, तेही बरोबरच. दोन ब्लॉक केलेत, पहिला ट्रिपल तीन ग्राफांत आणि दुसरा दोन ग्राफांत, तर एका पुस्तकाच्या सहा ओळी. नुसतं पुस्तकं मोजायची असतील तर काउंटमध्ये डिस्टिंक्ट पुस्तक लिहा, झालं. बेरजेला मात्र हे औषध लावू नका, पानांच्या संख्येची सम डिस्टिंक्ट केलीत तर २४० पानांची दोन निराळी पुस्तकं एकच धरली जातील. आधी सब-क्वेरीत पुस्तक आणि पानं अशा डिस्टिंक्ट जोड्या काढा आणि मग बाहेर बेरीज करा. आणि डिस्टिंक्ट लावूनही आकडा मोठाच राहिला तर ब्लँक नोडवर, म्हणजे यूआरआय नसलेल्या बिननावाच्या नोंदींवर, संशय घ्या. तीच फाइल दोनदा लोड झाली तर साधे ट्रिपल एकमेकांत विरघळतात, पण ब्लँक नोडना प्रत्येक लोडमध्ये नवी ओळख मिळते आणि ते खरोखर दुप्पट होतात. स्थलांतराच्या धांदलीत एखादी फाइल दोनदा गेली असेल तर नवल नाही. तेवढा ग्राफ ड्रॉप करून एकदाच लोड करा. ग्राफ स्टोअर प्रोटोकॉलने (आख्खा ग्राफ एचटीटीपीवरून पाठवायच्या पद्धतीने) पाठवत असाल तर पुट म्हणजे आधीचं काढून नवीन ठेवणं आणि पोस्ट म्हणजे आहे त्यात भर घालणं, हा फरक स्क्रिप्टमध्ये बघा, मला वाटतं तिथे पोस्ट सापडेल.

मग ओतायचं की नाही ओतायचं. तुमचे सीनियर म्हणतात त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, नेम्ड ग्राफ ही खरंच कटकट आहे, वरचे सगळे परिच्छेद त्याच कटकटीचे आहेत. पण प्रश्न असा विचारा की हे चौदा ग्राफ तुम्ही कशासाठी ठेवलेत? "तसं ठेवायची पद्धत आहे" असं उत्तर असेल आणि गेल्या दोन वर्षांत कुणी एकदाही "हे कुठून आलं" असं विचारलं नसेल, एकही सोर्स वेगळा रिलोड केला नसेल, तर खुशाल ओता, मी अडवणार नाही. पण सोर्स महिन्या-दोन महिन्यांनी नवी फाइल पाठवत असेल, आणि तुम्ही तेवढाच ग्राफ ड्रॉप करून नवीन भरत असाल, तर ओतल्यावर ते कसं करणार? कुठला ट्रिपल कुणाचा हे कळणारच नाही, जुनं काढता येणार नाही, फक्त भर पडत जाणार. शिवाय चौदाचा एक करायला एक छोटी अपडेट पुरते, एकाचे परत चौदा करायला कुठलीच कमांड नाही. क्वेरीची चूक डेटावर काढायची म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथे थोडं विषयांतर. ग्राफला नाव दिलं म्हणजे त्याला अर्थ मिळाला असं आपण धरून चालतो, पण तसं कुठे लिहिलेलं नाही. २००५ मध्ये जेरेमी कॅरॉल, क्रिस्टियन बिझर, पॅट हेज आणि पॅट्रिक स्टिकलर यांनी नेम्ड ग्राफचा पेपर मांडला तो मुळात उगम आणि विश्वास याच प्रश्नावर होता, कोण म्हणतंय आणि कितपत धरायचं. २०१४ च्या आरडीएफ १.१ मध्ये डेटासेटची व्याख्या आली, पण नावाचा आणि आतल्या ग्राफचा नेमका संबंध काय ते मोकळंच सोडलं. म्हणून कुणी सोर्सनुसार ग्राफ करतं, कुणी तारखेनुसार, कुणी परवानगीनुसार. तुमचा संकेत काय आहे तो कुठेतरी लिहा, चौदा नावांचा एक छोटा वेगळा ग्राफ करा, त्यात प्रत्येक ग्राफचा सोर्स आणि लोडची तारीख. नवीन माणूस आला की त्याला तेवढा दाखवला तरी पुरे.

जुन्या स्टोअरवर परत जाण्याबद्दल एवढंच म्हणेन की ज्या कारणाने तुम्ही ते सोडलंत ते कारण अजून आहे ना? असेल तर परत जाऊन फक्त हीच वेळ पुढे ढकलाल.

सोमवारपुरतं मी तुमच्या जागी असते तर युनियनचा स्विच चालू केला असता. जेनात असाल तर डेटासेटच्या सेटिंगमध्ये युनियन डिफॉल्ट ग्राफ ट्रू करता येतो, आणि सेटिंग बदलायची परवानगी नसेल तर युनियन ग्राफ नावाचा एक खास यूआरआय आहे, तो ग्राफच्या जागी लिहिला की त्या क्वेरीपुरतं सगळे नेम्ड ग्राफ एकत्र दिसतात. दुसरं स्टोअर असेल तर त्याच्या मॅन्युअलमध्ये डिफॉल्ट ग्राफ आणि युनियन हे शब्द शोधा. मग घाईत घातलेली ती 'ग्राफ ?ग' ची वेष्टणं काढून टाका, जुन्या क्वेऱ्या जशा होत्या तशा चालतील, पाथ पण चालतील, आकडाही वाढणार नाही कारण युनियनमध्ये ट्रिपल एकदाच धरला जातो. दोन गोष्टी सांभाळा. जेनातलं हे युनियन फक्त नेम्ड ग्राफांचं असतं, खऱ्या डिफॉल्टमध्ये ते दोन-तीनशे ट्रिपल पडलेले असतील तर स्विच चालू केल्यावर ते दिसेनासे होतील, आधी त्यांना नावाच्या ग्राफमध्ये हलवा. आणि युनियन ही वाचायची सोय आहे, लिहायची जागा नाही, ग्राफचं नाव न देता इन्सर्ट केलंत तर ते त्या खऱ्या, न दिसणाऱ्या डिफॉल्टमध्ये जाईल आणि तुम्ही परत मला "डेटा खातंय" म्हणून पत्र लिहाल. डिलीट तर आणखी जपून, काही स्टोअर्समध्ये ग्राफ न सांगता केलेलं डिलीट सगळ्या ग्राफांतून काढून टाकतं. अपडेटमध्ये ग्राफचं नाव नेहमी लिहायचं, कंटाळा आला तरी.

सोमवार पार पडला की सावकाशीने ज्या क्वेऱ्यांच्या उत्तरावर कुणीतरी निर्णय घेतं तेवढ्यांत फ्रॉम स्पष्ट लिहा, म्हणजे उद्या पुन्हा स्टोअर बदललं तरी त्या हलणार नाहीत. चौदा ओळी प्रत्येक क्वेरीत नको वाटत असतील तर ॲपमधून प्रोटोकॉलच्या पॅरामीटरनी पाठवा. आणि एक चिमुकला टेस्ट डेटासेट करून ठेवा, तीन ग्राफ, प्रत्येकात पाच-सहा ट्रिपल, एक ट्रिपल मुद्दाम दोन ग्राफांत, एक लेखक मुद्दाम दुसऱ्या ग्राफमध्ये, एक-दोन ट्रिपल बिननावाचे. त्यावर प्रत्येक क्वेरीचं उत्तर तुम्ही कागदावर काढू शकता. नवीन स्टोअर आलं की पहिल्या दहा मिनिटांत हा लोड करून बघायचा, त्याचा स्वभाव लगेच कळतो, मॅन्युअल वाचायच्या आधी.

सीनियरशी वाद घालू नका, ते तीन आकडे दाखवा. तुम्हाला काय वाटतं आणि त्यांना काय वाटतं हा प्रश्नच मग राहत नाही, आणि बहुतेक ते स्वतःच म्हणतील की अरे हे तर सगळं आहे.

आणि हो, ती बॅकअपची टर्टल फाइल. ती आजच उघडून बघा, उद्यावर टाकू नका. टर्टलमध्ये ग्राफचं नाव लिहायला जागाच नसते, एका फाइलमध्ये एकच ग्राफ, त्यामुळे चौदा ग्राफांची मिळून एकच टर्टल फाइल असेल तर त्या बॅकअपमध्ये सगळं आधीच ओतलेलं आहे आणि ज्याच्या भरवशावर सीनियर बोलतायत तो भरवसाच नाहीये. एन-क्वॉड्स किंवा ट्रिग या ग्राफचं नावही लिहिणाऱ्या फॉरमॅटमध्ये नवा डंप घ्या, जुनं स्टोअर अजून चालू असेल तर तिथूनही एक घ्या, आणि एन-क्वॉड्सच्या फाइलमधली कुठलीही एक ओळ बघा, सब्जेक्ट, प्रेडिकेट, ऑब्जेक्ट आणि शेवटच्या टिंबाच्या आधी चौथा ग्राफचा यूआरआय आहे ना. तो दिसेपर्यंत जुन्या स्टोअरचं मशीन कुणाला बंद करू देऊ नका.